शलगमाची वंशावळ

ज्या भाजीला महाराष्ट्रात कोणी शत्रू नाही आणि मित्रही नाही, जिच्यावरून आजवर एकाही सासूने सुनेला टोमणा मारलेला नाही, जिचे नाव एखाद्या उखाण्यात गुंफले गेल्याचे ऐकिवात नाही, आणि मंडईत जिच्या ढिगासमोर गिऱ्हाईक क्षणभर थबकते ते केवळ पलीकडच्या मुळ्यांपर्यंत पोहोचायला वाट काढावी म्हणून, ती भाजी म्हणजे शलगम होय. वांग्याचे तसे नाही. वांग्याला भक्त आहेत, निंदक आहेत, चातुर्मासात त्याला वर्ज्य मानणारे आहेत आणि चातुर्मास संपताच त्याच्या आठवणीने व्याकुळ होणारेही आहेत. कारल्याला तर सुनेला माहेरी पाठवण्याच्या वाटाघाटींत मानाचे स्थान मिळालेले आहे. शलगमाच्या वाट्याला निंदासुद्धा आली नाही. निंदा होण्यासाठीही समाजात थोडीबहुत प्रतिष्ठा लागते.

विंध्याच्या पलीकडे मात्र याच गृहस्थाचा दरारा काय वर्णावा! काश्मीरात त्याला गोगजी म्हणतात आणि बर्फाच्या दिवसांची बेगमी म्हणून त्याच्या चकत्या वाळवून ठेवतात. लखनौच्या आणि काश्मीरच्या खानसाम्यांनी त्याला मांसाबरोबर रात्रभर मंद आचेवर ठेवून 'शबदेग' नावाचा जो प्रकार सिद्ध केला, त्याचे वर्णन ऐकून आमच्यासारख्या शाकाहारी माणसालाही आपल्या पूर्वजांच्या काही निर्णयांचा फेरविचार करावासा वाटतो. पंजाबात त्याचे नाव गोंगलू. आणि तिथे 'गोंगलूंवरची माती झटकणे' असा एक वाक्प्रचार आहे, ज्याचा अर्थ काम केल्याचा नुसता देखावा करणे असा होतो. तीस वर्षे सरकारी कचेरीत घालवलेल्या मला हा वाक्प्रचार इतक्या उशिरा कळावा, याचे दुःख होते. कित्येक गोपनीय अहवाल मी या एका ओळीत आटोपले असते.

शलगम हा शब्द फारसी. त्या भाषेतून आपल्याकडे पेशवे आले, फडणीस आले, जमादार, हवालदार, सरदार, सुभेदार आले. आणि त्या लवाजम्याच्या पाठीमागून, बहुधा मुदपाकखान्याच्या गाड्यांबरोबर, शलगमही आला असावा. बाकीच्यांना वतने मिळाली, वाडे मिळाले, पुढे आडनावे मिळाली. शलगमाला कोणी इनाम दिले नाही, आणि 'शलगमे' आडनावाचा इसम माझ्या तरी पाहण्यात नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध होऊन दरबारातल्या फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवण्यात आले, त्या काळी मी असतो आणि शलगमाला संस्कृत नाव देण्याची कामगिरी माझ्याकडे आली असती, तर मी रजेचा अर्ज केला असता. त्याचे कारण पुढे येईल.

या उपेक्षिताचा साकल्याने विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती पुण्याच्या मंडईत नव्हे. ज्या नगरीत प्रलयाच्या पाण्यावर तरंगत आलेला अमृताचा कुंभ शिवाच्या बाणाने फुटला अशी आख्यायिका आहे, जिथे दर बारा वर्षांनी महामहम् तलावाच्या पायऱ्यांवर सारा तमिळ देश लोटतो, जिथल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका चिंचोळ्या घरात श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले, आणि जिथला मनुष्य पहाटे पितळेच्या डबऱ्यातली डिग्री कॉफी पोटात गेल्याखेरीज ईश्वराशीसुद्धा बोलत नाही, त्या कावेरी आणि अरसलार यांच्यामधल्या कुंभकोणम् नगरीत तो योग आला. मी तिथे गेलो होतो मोडी कागदांसाठी. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी व्यसन लागते; मला मोडीचे लागले. एका जुन्या देशस्थ घराण्यातली कागदांची पेटी वाचून देण्याचे निमंत्रण आले, आणि ज्यांना त्यांची सारी गल्ली 'रावजी' म्हणते त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर मी मुक्काम ठोकला.

रावजींच्या घराण्यात मराठी अजून नांदते. एकोजी राजांनी 1676 च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि 1855 मध्ये कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले, तरी मराठी काही खालसा झाली नाही. फक्त तिच्या चालीला तमिळचा हेल आला आणि तिच्यात आपण केव्हाच विसरून गेलेले काही शब्द जसेच्या तसे राहिले. रावजी मला 'आपण' म्हणत, स्वतःला 'आम्ही' म्हणत, आणि कुंभकोणम्‌चा विषय निघाला की पहिल्या दहा मिनिटांत सर टी. माधवरावांवर येत. यात त्यांचा दोष नाही. ज्या गावाने 1828 मध्ये अशा पुरुषाला जन्म दिला की ज्याने आधी त्रावणकोरची, मग इंदूरची आणि त्यानंतर बडोद्याची दिवाणगिरी केली, आणि ज्याचे चुलते वेंकटराव आणि चुलतबंधू रघुनाथराव हेही दिवाण, त्या गावातल्या मराठी माणसाने दिवाणांखेरीज दुसरे बोलावे तरी काय? एका शतकात इतके दिवाण देणारे गाव पुण्याच्या लोकांनी दाखवावे, असे रावजी म्हणत, आणि पुण्याचा एकुलता एक प्रतिनिधी म्हणून मी खाली मान घालून कॉफी पीत असे.

रावजींच्या तीर्थरूपांची तिथी जवळ आली होती. भाजी निवडायला ते स्वतः जात, आणि त्या दिवशी मीही पिशवी घेऊन त्यांच्या मागे पेरिय कडै वीथीपर्यंत गेलो. तिथल्या एका दुकानात ओळीने पाट्या लावलेल्या होत्या, वर तमिळ अक्षरे आणि खाली परगावच्या लोकांच्या सोयीसाठी इंग्रजी. एका पाटीवर तमिळमध्ये 'नूक्कोल' आणि खाली इंग्रजीत 'टर्निप', म्हणजे शलगम, असे लिहिलेले. आणि पाटीखाली ढीग पाहावा तर आपल्या ओळखीच्या नवलकोलांचा! मी सरकारी शिस्तीत वाढलेला मनुष्य. एका इसमाच्या नावाची पाटी आणि खुर्चीवर दुसराच इसम, हा प्रकार मला कचेरीतही सहन होत नसे. मी रावजींकडे तक्रार केली.

नवलकोल आणि शलगम यांत दिसायलाही साम्य थोडे. शलगम जमिनीत बसतो. तो खालून पांढरा, ऊन लागते तिथे वरून जांभळा, आणि त्याची सारी पाने डोक्यावर एकत्र, शेंडीसारखी. नवलकोल हा मूळ नव्हेच. तो खोडाचा फुगवटा, जमिनीच्या वर उघड्यावर धरतो, रंगाने फिका हिरवा, आणि लांब देठांची पाने त्याच्या सर्वांगातून वाटेल तिथून फुटलेली असतात. ती तोडली की जागोजाग आडव्या पांढुरक्या खुणा उरतात. दुकानातल्या अम्माने एक नवलकोल उचलला, उलटा केला आणि त्याच्या बुडाशी अंगठ्याचे नख रुतवले. नख सहज आत गेले तर कोवळा, अडले तर जून, ही तिची कसोटी. अडले. तिने तो मुकाट्याने ढिगाच्या मागच्या बाजूला, बहुधा माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी, ठेवून दिला.

"पाटी चूक आहे म्हणता?" रावजी म्हणाले. "आमच्याकडे सगळे नूक्कोललाच टर्निप म्हणतात. खरा टर्निप इथे येतो केव्हा, की त्याची पाटी लिहावी?"

हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. दावेदार कधी हजरच राहत नसेल तर मिळकत कब्जेदाराच्या नावावर चढते, हे महसुलाचे तत्त्व आहे. आणि कावेरीच्या उबेत, भाताच्या आणि नागवेलीच्या मुलुखात, थंडीशिवाय न पोसणारा शलगम आपला हक्क सांगायला येणार तरी कसा? नवलकोलही थंडीचाच, परंतु त्याने निलगिरीचा आश्रय केला. कोईमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन 1819 मध्ये त्या डोंगरावर चढले, तिथे त्यांना इंग्लंडसारखी हवा सापडली, आणि मग इंग्रज माणूस हवा आवडली की जे करतो तेच त्यांनी केले: घर बांधले आणि भाजीपाला लावला. घाटाखालच्या सगळ्या बाजारांत कोबी, गाजर, बीट आणि नवलकोल यांची रसद त्या थंड डोंगरांवरून येते.

आता 'नूक्कोल' हे नाव. तमिळ लोक ते कोणी 'नूल्कोल' म्हणतात, कोणी 'नूक्कल'. तमिळमध्ये नूल् म्हणजे सूत आणि कोल् म्हणजे काठी. तेव्हा हा शुद्ध द्राविडी शब्द आहे, असे रावजींच्या शेजारच्या एका निवृत्त तमिळ शिक्षकांनी मला ओसरीवर बसून पटवून दिले. मी त्यांना सांगितले की आमच्या मराठीत नवल म्हणजे आश्चर्य, आणि हा गोळा पाहून आश्चर्य वाटते म्हणून तो नवलकोल. तेवढ्यात बंगळूरला नोकरी केलेले रावजींचे जावई बाहेर आले आणि म्हणाले की कन्नडमध्ये याला नविलुकोसु म्हणतात, नविलु म्हणजे मोर, म्हणून ही मोरकोबी. मोराचा आणि या भाजीचा संबंध काय, हे त्यांना सांगता येईना. मात्र तिघांपैकी एकही माघार घेईना. सूत, नवल आणि मोर! तीन भाषांनी एक परका आवाज ऐकला आणि प्रत्येकीने आपल्या घरात जे होते ते त्याच्या अंगावर घातले.

तो आवाज कोणाचा, याचा निकाल ज्या कोशात लागतो त्याचा एक कर्ता, योगायोग असा की, तंजावरचाच जिल्हा न्यायाधीश होता. आर्थर बर्नेल त्याचे नाव. भोसल्यांच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची त्याने 1880 मध्ये छापली. 1882 मध्ये तो वारला. आणि कर्नल यूल यांच्याबरोबर त्याने आरंभलेला 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश 1886 मध्ये बाहेर पडला. त्यात या भाजीची नोंद आहे. मुंबईचे जॉर्ज बर्डवुड यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी जंत्री केली तिच्यात हे नाव 'नॉल-खोल' असे लिहिल्याचा दाखला देऊन, शब्द मुळात डच दिसतो, असा कोशाचा निर्णय आहे. डच भाषेत क्नोल म्हणजे गड्डा किंवा शलगम, कोल म्हणजे कोबी. म्हणजे कोल हा आपल्या कोबीचाच जातभाई ठरला, फक्त कोबी पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला. आणि हे बर्डवुडसाहेब जन्मले कुठे? बेळगावात, 1832 मध्ये. तंजावरचा न्यायाधीश आणि बेळगावचा डॉक्टर यांच्या साक्षीने एका डच शब्दाचा खटला निकाली निघावा आणि तो शब्द मराठीत नवल होऊन बसावा, यापेक्षा मोठे नवल ते कोणते?

डच इथून दूर नव्हते. नागपट्टणम् त्यांच्याकडे 1658 पासून 1781 पर्यंत होते, आणि एकोजी राजांनी 1676 मध्ये त्यांना करार लिहून दिला तो रुप्याच्या पत्र्यावर. त्या पत्र्यातल्या कलमांत भाजीपाला नसावा, असा माझा तर्क आहे. तरी एखादा डच वखारवाला संध्याकाळी परसात उभा राहून 'क्नोलकोल, क्नोलकोल' म्हणत आपल्या तमिळ माळ्याला ती भाजी दाखवतो आहे, आणि माळी मनातल्या मनात सूत आणि काठी यांची जुळवाजुळव करतो आहे, असे चित्र मला मोडी कागद वाचताना उगाचच दिसू लागले, आणि त्या भरात एका खतातली बेरीज चुकवून मी रावजींच्या खापरपणजोबांना कर्जबाजारी केले.

तमिळ शिक्षकांची व्युत्पत्ती शास्त्राने हरली. प्रयोगाने मात्र जिंकली. अम्माने बाजूला ठेवलेला तो जून नवलकोल नेमका आमच्याच पिशवीत आला होता. रावजींकडच्या काकूंनी तो विळीवर घेतला, तेव्हा बुडाकडची साल निघता निघेना, आणि निघाली तेव्हा तिच्याबरोबर पांढऱ्या चिवट तंतूंची अख्खी लड बाहेर आली. काकूंनी ती बोटाला गुंडाळून सर्वांना दाखवली. शिक्षक काही बोलले नाहीत. ते फक्त उठून उभे राहिले.

शलगमाच्या इंग्रजी नावाची कथाही सरळ नाही. टर्निप या शब्दाचा उत्तरार्ध लॅटिनमधल्या नापुस या शब्दावरून जुन्या इंग्रजीत आला; स्कॉटलंडचे लोक अजून नुसते 'नीप' म्हणतात. पूर्वार्धातला 'टर्न' हा बहुधा कातारी लाकूड चरकावर फिरवून गोल करतो त्या फिरवण्याचा, कारण हे कंद तसेच कातून काढल्यासारखे गोल असतात. नवलकोलाला खुद्द इंग्रज आता जर्मन नावाने कोलराबी म्हणतात. त्यातला कोल कोबीचा आणि राबी शलगमाचा. कोलराबी म्हणजे रब्बी हंगामातला कोल, अशी व्युत्पत्ती मी त्या ओसरीवर मांडून पाहिली. पीक थंडीचे असल्यामुळे ती वस्तुस्थितीला धरून आहे; भाषाशास्त्राला ती धरून नाही, एवढाच काय तो दोष.

पण खरी पंचाईत संस्कृतात आहे. रजेच्या अर्जाचा उल्लेख मी वर केला तो यासाठी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला बसवून द्विजांना जे वर्ज्य सांगितले आहे त्यात 'गृंजन' नावाचा एक पदार्थ येतो. गृंजन म्हणजे काय? वामन शिवराम आपटे यांचा 1890 चा कोश उघडावा. त्यात लसणाची किंवा कांद्याची एक लहान तांबडी जात, असा पहिला अर्थ आहे. पुढे शलगम आहे. आणि आणखी पुढे, नशेसाठी चघळतात ते गांजाचे शेंडे आहेत. दुसऱ्या एका थोर कोशात याच शब्दाचा अर्थ विषारी बाणाने मारलेल्या जनावराचे मांस असाही सापडतो. ज्या शब्दाच्या पोटात तांबडा लसूण, गांजा, विषबाधित मांस आणि शलगम इतके सारे एकत्र राहतात, त्या शब्दाच्या आधारे एखाद्या निरुपद्रवी कंदावर प्रायश्चित्त लादणे न्यायाचे आहे काय? गांज्याच्या साथीने पकडला गेलेला इसम निर्दोष असला तरी पंचनाम्यात त्याचे नाव राहतेच.

रावजींनी या वादाला शांतपणे कान दिला आणि मग सांगितले की त्यांच्याकडे गृंजनापर्यंत जाण्याची वेळच येत नाही. कुंभकोणम्‌ला, किंबहुना साऱ्या तमिळ देशात, भाज्यांचे दोन वर्ण आहेत. एक नाट्टु, म्हणजे देशी, दुसरा इंग्लिश. कच्ची केळी, पडवळ, कारले, गवार, सुरण, अळकुड्या हे नाट्टु. कोबी, फुलकोबी, गाजर, बीट, बटाटा, नवलकोल हे इंग्लिश, मग ते डच असोत, पोर्तुगीज असोत की खुद्द पेरू देशातून आलेले असोत. रोजच्या पानात दोन्ही चालतात. इंग्लिश भाज्यांचे कूटू होते, पोरियल होते, सांबारात त्या खुशाल पोहतात. श्राद्धाच्या दिवशी मात्र इंग्लिश भाजीला उंबरठ्याच्या आत थारा नाही. पितर तीन पिढ्यांचे असतात. त्यांना ज्या भाज्या ठाऊक नव्हत्या त्या त्यांच्यापुढे ठेवून त्यांचा गोंधळ का उडवावा, असे रावजींचे म्हणणे.

उलट काही देशी भाज्यांना त्या दिवशी जो मान मिळतो तो पाहून कोणीही चकित व्हावे. वसिष्ठांनी विश्वामित्रांना श्राद्धाला बोलावले, तेव्हा विश्वामित्रांनी एक हजार आठ भाज्या मागितल्या. अरुंधतीने कारले वाढले, आपण जिला हाडजोडी म्हणतो ती पिरंडै वाढली, फणस वाढला आणि वर आठ भाज्या ठेवल्या. हिशेब असा की श्राद्धाच्या पानात एकटे कारले शंभर भाज्यांच्या बरोबरीचे, पिरंडै तीनशेंच्या आणि फणस सहाशेंच्या, बेरीज बिनचूक. इतका सरस ताळेबंद मी अंदाजपत्रकातही पाहिलेला नाही. या दरपत्रकात नवलकोलाची किंमत किती, असे मी विचारले. "शून्य," रावजी म्हणाले. आणि शलगमाची? "त्याला आधी अर्ज तर करू दे."

मला हा अन्याय डाचत राहिला. त्यातून रावजींचे सर्व युक्तिवाद मी त्यांच्यावरच उलटवू शकत होतो. एकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला महाराष्ट्रातून आलेले रघुनाथ गणेश नवहस्त यांनी खाण्यापिण्याच्या गुणदोषांवर 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला, तो याच मुलुखात. पुढे सरफोजी राजांच्या पदरचे बाबूराय चिटणीस यांनी भोसल्यांची समग्र वंशावळ 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतली. सूर्यवंशापासून सुरुवात करून दगडावर लिहून ठेवणारी ही माणसे स्वतःही डोंगर उतरूनच खाली आली होती, नाही का? त्यांना कोणी 'मराठा भाजी' म्हणून बाजूला ठेवले नाही. उलट दिवाण केले! मी हे रावजींना सांगितले. ते म्हणाले, "आम्ही वंशावळ लिहिली. तुमच्या शलगमाने लिहिली असेल तर दाखवा."

वशिल्यासाठी मी आधी थोर नावे पुढे केली. प्लूटार्कने लिहून ठेवले आहे की सॅम्नाइट लोकांचे वकील रोमचा सेनापती मानिअस क्युरिअस याच्याकडे सोन्याची लाच घेऊन आले, तेव्हा तो चुलीपाशी शलगम शिजवत बसला होता, आणि असले जेवण ज्याला पुरते त्याला सोने कशाला, असे म्हणून त्याने त्यांना परत पाठवले. इंग्लंडात चार्ल्स टाउनशेंड नावाचा मुत्सद्दी 1730 मध्ये राज्यकारभार सोडून नॉरफोकमधल्या आपल्या जमिनीवर गेला आणि गुरांच्या हिवाळी वैरणीसाठी शलगमाच्या लागवडीचा इतका पुरस्कार करू लागला की लोक त्याला 'टर्निप टाउनशेंड' म्हणू लागले. रावजींवर या माहितीचा परिणाम उलटा झाला. ज्याचा दिवाण गुरांचे खाणे लावत बसतो तो देश आमच्या माधवरावांना 'सर' करतो, एवढेच ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

तेव्हा मी अखेरचा कागद काढला. नागाहारू ऊ हे कोरियन वंशाचे, जपानात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ, आडनाव एकाक्षरी. त्यांनी 1935 मध्ये सरसूच्या कुळातल्या सहा जातींची सोयरीक उलगडून दाखवली, आणि ती एखाद्या कुळकर्ण्याच्या जमाखर्चासारखी पैन्‌पै जुळते. शलगमाच्या जातीच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या, काळ्या मोहरीच्या आठ. या दोघांच्या संकरातून जी जात निपजली तिच्या अठरा. ती जात म्हणजे आपली फोडणीची मोहरी. कोबी आणि नवलकोल यांच्या जातीच्या नऊ जोड्या. ती आणि शलगमाची जात यांच्या संबंधातून एकोणीस जोड्यांची तिसरी जात झाली, जिच्यात विलायतेतला पिवळ्या गराचा तो स्वीड नावाचा गड्डा मोडतो. म्हणजे नवलकोल आणि शलगम हे परके नव्हेत, चक्क व्याही आहेत, आणि अम्माच्या पाटीवर एका व्याह्याच्या नावाने दुसरा बसला होता. आणि ज्या शलगमाला कुंभकोणम्‌ने अर्ज करायला लावले, त्याचे अपत्य रोज सकाळी गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात, प्रत्येक कढईत, सर्वांच्या आधी तडतडत असते!

हे मी सांगितले आणि विजयी मुद्रेने रावजींकडे पाहिले. ओसरीवर शांतता पसरली. तमिळ शिक्षकांनी अठरा आणि एकोणीस या बेरजा बोटांवर करून बघितल्या आणि त्या बरोबर असल्याचे मान हलवून मान्य केले. जावई मोराविषयी काही बोलणार होते, पण थांबले. आतून काकूंच्या कढईत मोहरी पडल्याचा आवाज आला. आमचा पक्ष तरी वेळेवर बोलला असे मला वाटले.

रावजींनी तपकीर ओढली, उपरण्याने नाक पुसले आणि दिवाणी थाटात निकाल दिला.

"मोहरी त्याचीच लेक असेल. असू दे. बापाने लेकीच्या घरी येऊन जेवावे, आमची कधी ना नाही. पण श्राद्धाच्या पंगतीला जर खुद्द बापच येऊन बसला, तर पिंड कोणाला द्यायचा?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि काकूंनी तोवर पाने मांडली होती. तिथीला अजून अवकाश असल्यामुळे पानात नूक्कोलचे कूटू होते: मुगाची डाळ, ओले खोबरे, जिरे, मिरी आणि वरून मोहरी. जून नवलकोलाची एक फोड नेमकी माझ्या वाट्याला आली, आणि तिच्यातले सूत दातांतून काढता काढता पंगतीत ताक आले तरी मी कूटूवरच होतो.